पूर्णवेळ नोकरी सांभाळून आंतरराष्ट्रीय शिक्षणात पीएच.डी. : कोल्हापूरच्या नोकरदारांसाठी मार्गदर्शन

आंतरराष्ट्रीय शिक्षण या विषयात पीएच.डी. करण्याची चौकशी कोल्हापुरात आता केवळ विद्यापीठातले पूर्णवेळ संशोधक करत नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेतील पदवीधर शिक्षक, कनिष्ठ महाविद्यालयातील अध्यापक, बी.एड. महाविद्यालयातील प्राध्यापक, आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांतील समन्वयक, परदेशी प्रवेशाचे सल्लागार अशी अनेक मंडळी ती करत असतात आणि त्या सर्वांची अडचण एकच असते, ती म्हणजे नोकरी सोडता येत नाही. ती सोडण्याची गरजही नसते, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नोव्हेंबर २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनी अर्धवेळ पीएच.डी.ला स्पष्ट मान्यता दिली आहे. मात्र कामाचा क्रम बहुतेकांचा चुकतो. आधी शीर्षक ठरते, मग मार्गदर्शकाचा शोध सुरू होतो, प्रवेश नक्की झाल्यावर वरिष्ठांकडे परवानगी मागितली जाते आणि माहिती कोठून गोळा करायची हा विचार सर्वांत शेवटी येतो. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याने हा क्रम उलटा ठेवावा. आधी परवानगी, मग हाताशी असलेले क्षेत्र, त्यानंतर संस्था व मार्गदर्शक आणि शीर्षक अगदी शेवटी, असे केल्यास पुढची अनेक वर्षे सुसह्य होतात.

विषयाची व्याप्ती

आंतरराष्ट्रीय शिक्षण म्हणजे परदेशी जाऊन करायचा अभ्यास, असा समज असतो. तो अपुरा आहे. या ज्ञानशाखेत दोन प्रवाह एकत्र येतात. पहिला तौलनिक शिक्षणाचा, ज्यात दोन किंवा अधिक देशांच्या, राज्यांच्या अथवा संस्थानांच्या शिक्षणव्यवस्था शेजारी ठेवून तपासल्या जातात. दुसरा सीमा ओलांडणाऱ्या शिक्षणाचा, म्हणजे विद्यार्थी, शिक्षक, अभ्यासक्रम, परीक्षा आणि आता विद्यापीठांचे परिसरसुद्धा एका देशातून दुसऱ्या देशात कसे जातात याचा. १९६८ मध्ये जिनिव्हात स्थापन झालेला आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट), केंब्रिजचे अभ्यासक्रम, २००० पासून होणारी पिसा ही १५ वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील आंतरराष्ट्रीयीकरणाच्या तरतुदी, गुजरातच्या गिफ्ट सिटीत सुरू झालेले ऑस्ट्रेलियन विद्यापीठांचे परिसर हे सगळे या शाखेचे विषय आहेत.

हा विषय कोल्हापूरला परका वाटण्याचे कारण नाही. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे. त्या आयोगावर ब्रिटन, अमेरिका, सोव्हिएत रशिया, फ्रान्स आणि जपान या देशांतील शिक्षणतज्ज्ञही सदस्य म्हणून होते. भारताच्या शिक्षणाचा विचार इतर देशांच्या अनुभवाशी ताडून पाहण्याचे इतके मोठे काम ज्यांच्या हातून पार पडले, त्यांच्या जिल्ह्यातच या विषयाचे संशोधक बोटावर मोजण्याइतके असावेत, हे खटकते.

परवानगी : आधी कागद, मग प्रवेश

अर्धवेळ पीएच.डी.साठी नोकरीच्या ठिकाणाहून ना हरकत प्रमाणपत्र लागते, हे सर्वांना ठाऊक असते. त्यात काय लिहिलेले असावे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. विनियमांनुसार त्यात तीन गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात. उमेदवाराला अर्धवेळ संशोधन करण्याची परवानगी आहे, ही पहिली. त्याच्या कामाचे स्वरूप संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल असे आहे, ही दुसरी. आणि गरज पडल्यास कोर्सवर्क, म्हणजे पीएच.डी.चा सुरुवातीचा सक्तीचा अभ्यासक्रम, पूर्ण करण्यासाठी त्याला कामातून मुक्त केले जाईल, ही तिसरी. शाळा-संस्थांकडून मिळणाऱ्या छापील प्रमाणपत्रात बहुधा पहिले वाक्य असते, दुसरे मोघम असते आणि तिसरे नसतेच. म्हणून कोऱ्या अर्जावर ‘ना हरकत मिळावी’ एवढेच न लिहिता प्रमाणपत्राचा मसुदा स्वतः तयार करून अर्जासोबत जोडावा. तिसऱ्या मुद्द्यासाठी पुढील वाक्य चालते: ‘सदर कर्मचाऱ्यास पीएच.डी.च्या कोर्सवर्कसाठी आवश्यक तेवढ्या कालावधीकरिता नियमानुसार देय रजा मंजूर करून कार्यमुक्त करण्यास या कार्यालयाची हरकत नाही.’ ‘नियमानुसार देय रजा’ हे शब्द असले की सही करणाऱ्यालाही धास्ती वाटत नाही.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा अर्ज मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी अशा टप्प्यांनी वर जातो आणि प्रत्येक टेबलावर तो थांबू शकतो. त्यामुळे प्रवेशाची अधिसूचना निघेपर्यंत थांबू नये. तीन-चार महिने आधीच अर्ज द्यावा, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व दिनांकासह पोच घ्यावी आणि ती प्रत जपून ठेवावी. खासगी संस्थेत वाट जवळची असते, पण तेथे शब्दावर विसंबून राहण्याचा मोह होतो. ‘करा की, कोण अडवतंय’ हे संस्थाचालकांचे उद्गार मनापासूनचे असले, तरी विद्यापीठाच्या फाइलीत ते लावता येत नाहीत. खासगी शाळेत संचालक मंडळ बदलण्याची शक्यता असेल, तर व्यवस्थापन समितीच्या ठरावाची प्रत घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

पैशाचा विचारही याच टप्प्यावर करावा. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती (जेआरएफ) काय किंवा राज्य शासनाच्या सारथी संस्थेची छत्रपती शाहू महाराज राष्ट्रीय संशोधन अधिछात्रवृत्ती काय, या योजना पूर्णवेळ संशोधकांसाठी आहेत. पगार चालू ठेवून त्या घेता येत नाहीत आणि नोकरी लपवून घेतल्यास वसुली होते.

क्षेत्र आणि प्रश्न

सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याला फिनलंड आणि महाराष्ट्र यांच्या शिक्षक-प्रशिक्षणाची तुलना करण्याची इच्छा होते, ती स्वाभाविक आहे. परंतु फिनलंडमधील शिक्षकांच्या मुलाखती घेण्यासाठी त्याच्याजवळ ना रजा असते, ना पैसा, ना भाषा. मग दुय्यम साहित्यावर अर्धा प्रबंध उभा राहतो आणि तो अर्धा भाग परीक्षक पहिल्या वाचनातच ओळखतात. त्याऐवजी ज्या प्रश्नाचे एक टोक आपल्या रोजच्या कामात आहे आणि दुसरे टोक जगात आहे, असा प्रश्न शोधावा.

असे प्रश्न कोल्हापुरात भरपूर आहेत. जिल्ह्यातून दरवर्षी अनेक मुले-मुली वैद्यकीय शिक्षणासाठी रशिया, किर्गिझस्तान, फिलिपिन्स अशा देशांत जातात. २०२२ मध्ये युक्रेनमधून परतावे लागलेल्यांतही येथील विद्यार्थी होते. परदेशातून ही पदवी घेऊन आलेल्यांना भारतात व्यवसाय करण्यासाठी एफएमजीई ही पात्रता परीक्षा द्यावी लागते. या कुटुंबांनी निर्णय कसा घेतला, माहिती कोणाकडून मिळवली, शेती किंवा घर तारण ठेवताना कोणती अपेक्षा धरली, हा आंतरराष्ट्रीय शिक्षणाचा अस्सल प्रश्न आहे आणि त्याच्या मुलाखती कागल, गडहिंग्लज, जयसिंगपूर येथे रविवारी घेता येतात. राज्य शासनाने २०१८ मध्ये स्थापन केलेले आणि पुढे बंद झालेले महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ हाही असाच विषय आहे: सरकारी मराठी शाळांना ‘आंतरराष्ट्रीय’ करण्याची कल्पना कोठून आली, तिचा अर्थ शिक्षकांनी काय लावला आणि मंडळ बंद झाल्यावर वर्गात काय उरले? २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला. जर्मन भाषा शिकवणाऱ्या वर्गांचा अभ्यास करण्यासाठी त्याची पार्श्वभूमी पुरेशी आहे.

इतिहासाची आवड असणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे. बडोदा संस्थानाने १९०६ मध्ये आणि राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. जपानने आधुनिक शालेय व्यवस्थेचा कायदा १८७२ मध्येच केला होता. बडोदा आणि कोल्हापूर यांची तुलना, तीही त्या काळच्या जगभरातील सक्तीच्या शिक्षणाच्या चळवळीच्या संदर्भात, हा भरीव विषय आहे आणि संस्थानाची कागदपत्रे कोल्हापुरातच पुराभिलेखागारात आहेत. अडचण एवढीच की अभिलेखागार कार्यालयीन वेळेत उघडे असते, म्हणजे नोकरदाराच्या कामाच्या वेळेतच. हा विषय घेणाऱ्याने दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी कागदपत्रांसाठी राखून ठेवण्याची तयारी आधीच करावी. मोडी वाचता येत नसेल, तर ती शिकण्यासाठी लागणारा काळही हिशेबात धरावा.

कोठेही प्रवास न करता मोठी तुलना करायची असेल, तर उपलब्ध आकडेवारीवर आधारलेला अभ्यास करता येतो. पिसा आणि टिम्स (गणित व विज्ञानाची आंतरराष्ट्रीय चाचणी) या चाचण्यांची मूळ आकडेवारी विनामूल्य उतरवून घेता येते, युनेस्कोच्या मॉन्ट्रियल येथील सांख्यिकी संस्थेची माहिती खुली आहे आणि भारताच्या बाजूने शाळांची माहिती देणारी यूडायस प्लस ही प्रणाली व उच्च शिक्षणाचे आयशे सर्वेक्षण आहे. मात्र या आकड्यांनी फसायला होते. तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्ये पिसा २००९ च्या विस्तारित फेरीत उतरली आणि यादीच्या तळाशी राहिली. यावरून ‘भारत जगात शेवटून दुसरा’ असे वाक्य लिहिले जाते आणि तेथेच संशोधन थांबते. खरे काम त्यापुढचे: चाचणी १५ वर्षे वयाच्या मुलांची होती, तर त्यांपैकी किती मुले शाळेत होती, प्रश्नांची भाषा कोणती होती, दोन राज्यांना देश म्हणून वाचता येते काय? या प्रश्नांची उत्तरे शोधणारा प्रबंध सांख्यिकीचे जुजबी ज्ञान असलेल्याने घेऊ नये. घ्यायचाच असेल तर कोर्सवर्कच्या आधीचे एक वर्ष ‘आर’ किंवा एसपीएसएस ही सांख्यिकीची संगणकीय साधने शिकण्यात घालवावे.

प्रश्न आखताना मार्क ब्रे आणि मरे थॉमस यांनी १९९५ मध्ये मांडलेली घनाकृती चौकट फार उपयोगी पडते. तिच्या एका बाजूला जागतिक विभागापासून देश, राज्य, जिल्हा, शाळा, वर्ग आणि व्यक्ती अशा भौगोलिक पातळ्या आहेत, दुसऱ्या बाजूला लोकसमूह आणि तिसऱ्या बाजूला अभ्यासक्रम, अर्थपुरवठा, व्यवस्थापन यांसारखे शिक्षणाचे पैलू. आपला प्रश्न या तिन्हींच्या कोणत्या छेदावर आहे हे एका वाक्यात सांगता आले नाही, तर प्रश्न अजून पिकलेला नाही असे समजावे.

कोल्हापूर, दिल्ली की परदेश

शिवाजी विद्यापीठ, म्हणजे १९६२ मध्ये स्थापन झालेले आणि कोल्हापूर, सांगली व सातारा हे तीन जिल्हे कार्यक्षेत्रात असलेले विद्यापीठ, हा बहुतेकांसाठी पहिला आणि माझ्या मते सर्वांत व्यवहार्य पर्याय आहे. शिक्षणशास्त्राचा अधिविभाग आणि बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्र एकाच परिसरात आहेत आणि कोर्सवर्क, समितीच्या बैठका व ग्रंथालय यांसाठी दर वेळी रात्रीची गाडी पकडावी लागत नाही. शिक्षणाचे नियोजन आणि धोरण हा ज्यांचा विषय आहे, त्यांनी नवी दिल्लीतील राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेचा, म्हणजे नीपाचा अर्धवेळ पीएच.डी. कार्यक्रमही पाहावा. तो अनुभवी शिक्षणकर्मींसाठी आहे आणि तेथील वातावरणात तौलनिक अभ्यासाची परंपरा आहे.

परदेशी विद्यापीठांची ईडी.डी., म्हणजे व्यावसायिकांसाठीची शिक्षणातील डॉक्टरेट, नोकरदारांना आकर्षित करते, कारण ती मुळातच नोकरी करणाऱ्यांसाठी आखलेली असते. ब्रिटनमध्ये ती अर्धवेळ करता येते आणि अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्ससारख्या विद्यापीठात ती ऑनलाइनही आहे. स्वतःच्या शाळेतील किंवा संस्थेतील प्रश्न घेऊन त्यावर संशोधन करणे हे तिचे वैशिष्ट्य. आंतरराष्ट्रीय शाळांत वरच्या पदावर काम करणाऱ्यांना, विशेषतः पुढे दुबई किंवा सिंगापूरला जाण्याचा विचार असणाऱ्यांना, ती उपयोगी ठरते. परंतु भारतातील महाविद्यालयात किंवा विद्यापीठात नोकरीसाठी ती वापरायची असेल, तर फार सावध राहावे. यूजीसीच्या विनियमांनुसार दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. देता येत नाही. परदेशी विद्यापीठांच्या सहकार्याने एडटेक कंपन्या देऊ करत असलेल्या ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नाही, असा इशारा यूजीसी आणि तंत्रशिक्षणाची नियामक संस्था एआयसीटीई यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये एकत्रितपणे दिला आहे. परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसाठी २०२५ पासून यूजीसीचे स्वतंत्र विनियम आहेत. ‘दीड वर्षात डॉक्टरेट, घरबसल्या’ अशी जाहिरात दिसली, की पुढे वाचण्याचे श्रम घेऊ नयेत.

घड्याळही पाहून घ्यावे. लंडनमधील सायंकाळी ५ वाजताचे चर्चासत्र हिवाळ्यात आपल्याकडे रात्री १०.३० ला आणि उन्हाळ्यात ९.३० ला सुरू होते. ते जमण्यासारखे आहे. न्यूयॉर्कच्या वेळेनुसार सायंकाळी ७ चा वर्ग मात्र आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ५.३० ला आणि तिकडच्या उन्हाळ्यात ४.३० ला भरतो. सात वाजता शाळेची प्रार्थना असलेल्या माणसाने हे किती वर्षे निभेल, याचा विचार प्रवेशशुल्क भरण्याआधी करावा. शुल्क पौंडांत किंवा डॉलरमध्ये असते, ते दरवर्षी वाढते आणि पगार रुपयांत येतो.

प्रवेश आणि मार्गदर्शक

प्रवेशाची पात्रता सर्वसाधारणपणे ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी अशी आहे. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमी लेअर इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सूट मिळते. शिक्षणशास्त्रासाठी एम.एड. किंवा एम.ए. एज्युकेशन असलेल्यांचा मार्ग सरळ असतो. समाजशास्त्र, अर्थशास्त्र किंवा इंग्रजीतून आलेल्यांनी आंतरविद्याशाखीय प्रवेशाची तरतूद त्या वर्षीच्या अधिसूचनेत वाचावी. जून २०२४ पासून नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून केवळ पीएच.डी. प्रवेशासाठीही पात्र ठरता येते. जेआरएफ नसलेल्या पात्रताधारकांच्या निवडीत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो आणि हे गुण एक वर्षच ग्राह्य धरले जातात. नोकरदारांसाठी ही शेवटची अट महत्त्वाची आहे. ना हरकत प्रमाणपत्राची फाइल अडकली आणि वर्ष उलटले, तर परीक्षा पुन्हा द्यावी लागते.

मार्गदर्शक निवडताना लोक नाव पाहतात. त्याआधी जागा पाहावी. एका वेळी प्राध्यापकाकडे जास्तीत जास्त ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक असू शकतात. ज्यांच्या सेवानिवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी काळ उरला आहे, त्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. त्यामुळे ज्येष्ठ, सुप्रसिद्ध आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे नाव मनात धरून दोन वर्षे घालवण्यात अर्थ नाही. आंतरराष्ट्रीय शिक्षणात काम केलेला मार्गदर्शक जवळपास मिळेलच असे नाही. अशा वेळी कोल्हापुरातील मार्गदर्शकासोबत दुसऱ्या संस्थेतील तज्ज्ञ सहमार्गदर्शक म्हणून घेता येतो. हा पर्याय फार कमी वापरला जातो. पहिल्या भेटीला जाताना फुले-पेढे नेण्यापेक्षा दोन पानांचे टिपण न्यावे: प्रश्न काय, माहिती कोठे आहे, ती मिळवण्याची परवानगी कोण देणार आणि आठवड्यात आपण किती तास देऊ शकतो. मार्गदर्शक होकार देण्याआधी शेवटची ओळ आवर्जून वाचतात.

शीर्षक या भेटींनंतर आपोआप सापडते. आपल्याकडे ‘...चा चिकित्सक अभ्यास’ हे शेपूट लावल्याशिवाय शिक्षणशास्त्राचे शीर्षक पूर्ण होत नाही, अशी समजूत दिसते. ते काढून टाकून कोठे, कोणाचे आणि काय एवढेच ठेवावे. ‘कोल्हापूर जिल्ह्यातील आंतरराष्ट्रीय शाळांचा चिकित्सक अभ्यास’ या शीर्षकाने समिती काहीही विचारू शकते. ‘केंब्रिज अभ्यासक्रमाकडे वळलेल्या कोल्हापूर जिल्ह्यातील शाळांतील शिक्षकांच्या मूल्यमापनविषयक धारणा’ असे म्हटले, की प्रश्नांना सीमा पडते.

आठवडा, वर्ष आणि पाऊस

कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचे असते, त्यात संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा अभ्यासक्रम सक्तीचा असतो आणि उत्तीर्ण होण्यासाठी ५५ टक्के गुण लागतात. अर्धवेळ संशोधकाला यात कोणतीही सवलत नाही. हा टप्पा रजेवर काढावा. तास बुडवून, सही करून परतण्याची युक्ती पुढे संशोधन पद्धतीच्या प्रकरणात उघडी पडते.

त्यानंतरची वर्षे मात्र नोकरीच्या वेळापत्रकातच बसवायची असतात. रात्री जेवण आटोपल्यावर लिहायला बसू, हा बेत बहुतेकांचा पहिल्या महिन्यातच मोडतो. पहाटेचा दीड तास, तोही आठवड्यातून चारच दिवस, आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावरची दुपार एवढे नियमाने मिळाले तरी काम पुढे सरकते. पहाटे फक्त लिहावे. संदर्भ शोधणे, छायाप्रती लावणे, मुलाखती उतरवून काढणे ही कामे थकलेल्या वेळेसाठी ठेवावीत. संदर्भांची नोंद पहिल्या दिवसापासून झोटेरोसारख्या विनामूल्य साधनात करावी आणि मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा, कारण जुन्या फाँटमधील मजकुराचे रूपांतर करताना जोडाक्षरे बिघडतात आणि शेवटच्या महिन्यात ती दुरुस्त करत बसावे लागते. सकाळी वर्तमानपत्र न वाचण्याची सवय लावून घेता आली तर उत्तम. अनेकांना ते प्रबंधाहून कठीण जाते.

वर्षाचा आराखडा करताना स्थानिक वास्तव विसरू नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा आणि त्यानंतर उत्तरपत्रिका, जूनच्या मध्यात शाळेची सुरुवात, मधूनच निवडणुकीचे किंवा जनगणनेचे काम. जुलै-ऑगस्टमध्ये गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळा या तालुक्यांत क्षेत्रभेटी ठेवू नयेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली की रस्ते बंद होण्यास सुरुवात होते, ४३ फुटांची धोका पातळी गाठली की मुलाखत द्यायला कोणी मोकळे नसते, आणि शिक्षकांना पूरग्रस्तांच्या छावणीत काम असते. त्या काळात मागील माहितीचे विश्लेषण करावे. क्षेत्रकार्याचा हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी हाच.

दर सत्रात एकदा संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. या बैठकीला ‘काम चालू आहे’ असा अहवाल नेऊ नये. दहा पाने का असेना, लिहिलेले प्रकरण न्यावे. पीएच.डी.चा किमान काळ ३ वर्षे आणि कमाल काळ ६ वर्षे आहे, पुनर्नोंदणी करून तो ८ वर्षांपर्यंत नेता येतो. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी २ वर्षे मिळतात; शिवाय स्त्री संशोधकांना प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजा आहे. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याने मनाशी ५ वर्षे धरावीत. सवलतीची वर्षे आजारपण आणि बदलीसाठी राखावीत, आळसासाठी नव्हे. बदली झालीच, तर नव्या कार्यालयाला जुन्या ना हरकत प्रमाणपत्राची प्रत लगेच सादर करावी.

माहिती गोळा करताना

स्वतःच्याच शाळेत संशोधन करणे सोयीचे असते, पण नैतिकदृष्ट्या नाजूकही असते. मुख्याध्यापकाने आपल्याच शिक्षकांची मुलाखत घेतली किंवा शिक्षकाने आपल्याच वर्गाला प्रश्नावली दिली, तर नकार देण्याचे स्वातंत्र्य समोरच्याला कितपत राहते? म्हणून संमतिपत्र समजेल अशा मराठीत असावे, अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची लेखी संमती असावी आणि शक्य असेल तेथे मुलाखत सहकाऱ्याकडून किंवा दुसऱ्या शाळेत घ्यावी. परदेशी शिक्षणाचे सल्लागार स्वतःच्या ग्राहकांवर संशोधन करणार असतील, तर हितसंबंधांचा उल्लेख प्रबंधात स्पष्टपणे करावा. परीक्षकाने तो शोधून काढण्यापेक्षा आपणच सांगितलेला बरा.

लेखन, साम्य तपासणी आणि मौखिक परीक्षा

२०२२ च्या विनियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली आहे. तरीही आपल्या विद्यापीठाची अट स्वतंत्रपणे पाहावी. छापायचेच असेल तर पैसे घेऊन आठ दिवसांत प्रसिद्ध करणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहावे. यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाल्यामुळे नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता संशोधक आणि मार्गदर्शक यांच्यावरच आहे. संपादक मंडळातील दोन नावे शोधून त्यांचे लेखन वाचले, की दर्जा कळतो.

इतरांच्या लेखनाशी जुळणारा मजकूर शोधणाऱ्या साम्य तपासणीत १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत प्रबंध दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष सादर करता येत नाही आणि ६० टक्क्यांपुढे नोंदणीच रद्द होते. मराठी प्रबंधात साम्य सापडत नाही, या भ्रमात राहू नये. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात हजारो प्रबंध खुले आहेत आणि परीक्षक ते वाचतात. उलट आराखडा करण्यापूर्वीच शोधगंगेवर आपल्या विषयाचे प्रबंध पाहावेत, विशेषतः त्यांची शेवटची प्रकरणे, कारण पुढील संशोधनासाठीच्या सूचना तेथे असतात आणि त्या फारसे कोणी घेत नाही.

प्रबंध किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो आणि त्यांपैकी एक परदेशातील असू शकतो. आंतरराष्ट्रीय शिक्षणात ही शक्यता अधिक, म्हणून कोल्हापूरविषयी आपल्याला उघड वाटणाऱ्या गोष्टी पहिल्या प्रकरणात समजावून द्याव्यात: जिल्हा परिषद म्हणजे काय, विनाअनुदानित शाळा कोणती, बोर्डिंग या संस्थेला येथे कोणता इतिहास आहे. मौखिक परीक्षा खुली असते. तिच्या दिवसाची रजा आधी मंजूर करून घ्यावी आणि शक्य झाल्यास आपल्या मुख्याध्यापकांना किंवा संस्थेच्या सचिवांना निमंत्रण द्यावे, कारण निष्कर्षांवर काही करण्याचा अधिकार त्यांच्याच हाती असतो.

परीक्षेनंतर सुचवलेल्या दुरुस्त्या करून प्रबंधाची अंतिम प्रत शोधगंगेसाठी जमा करावी. पदवीदान समारंभ काही महिन्यांनी होतो, तोवर विद्यापीठाकडून तात्पुरते प्रमाणपत्र घ्यावे. पदवी यूजीसीच्या विनियमांनुसार दिली जात असल्याचा उल्लेख त्यात आहे की नाही, हे खिडकीवरच पाहून घ्यावे. त्याची साक्षांकित प्रत, मूळ ना हरकत प्रमाणपत्र आणि रजामंजुरीचे आदेश एकत्र जोडून सेवापुस्तकात नोंद घेण्याचा अर्ज त्याच आठवड्यात कार्यालयात द्यावा आणि त्याचीही पोच घ्यावी.